वाचकांचे प्रश्न : राहती जागा, शेजार आणि आपली प्रकृती

मधुमेह आणि रक्तदाब यांवरील माझ्या लेखात आहार, व्यायाम आणि औषधे यांची चर्चा होती. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे : सल्ला पटतो, पण तो पाळायचा कुठे आणि कसा? कोणी रस्त्याबद्दल लिहिले आहे, कोणी ओल धरलेल्या भिंतींबद्दल, कोणी एकटेपणाबद्दल. म्हणून या वेळी औषधांचे प्रश्न बाजूला ठेवून केवळ याच विषयावरची पत्रे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मला सहा वर्षांपासून मधुमेह आहे. डॉक्टर दर भेटीत रोज पाऊण तास चालायला सांगतात. आमच्या घराबाहेर पदपथ नाही, संध्याकाळी दिवे नसतात आणि वाहने अक्षरशः अंगावर येतात. घरचे म्हणतात, ‘ही सगळी निमित्ते आहेत, ज्याला चालायचे तो चालतोच.’ यात खरे काय समजायचे?

उत्तर : घरच्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही, अडचणींना न जुमानता नेमाने चालणारी माणसे सगळीकडे सापडतात. मात्र एखाद्या माणसाला जिद्दीने काय जमते हा एक प्रश्न आहे आणि एखाद्या वस्तीतल्या हजारो माणसांच्या हातून सामान्यतः काय घडते हा दुसरा. आरोग्याचे सल्ले देताना या दोहोंची सर्रास गल्लत केली जाते आणि तिचा भुर्दंड रुग्णाला अपराधीपणाच्या रूपाने भरावा लागतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत आहे. आरोग्याच्या सामाजिक निर्धारकांचा, म्हणजे माणूस ज्या परिस्थितीत राहतो आणि काम करतो तिचा प्रकृतीवर कसा परिणाम होतो याचा, अभ्यास करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या आयोगाचा अहवाल २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्कॉटलंडमधील ग्लासगोचे उदाहरण दिले आहे : शहरातील कॅल्टन या गरीब भागात पुरुषांचे सरासरी आयुर्मान ५४ वर्षे, तर तिथून काही किलोमीटरवर असलेल्या लेंझी या सुस्थित उपनगरात ८२ वर्षे. देश तोच, हवामान तेच, सरकारी आरोग्यसेवाही तीच, आणि फरक २८ वर्षांचा.

यावर चिकित्सक वाचक लगेच विचारील की, आजारी माणसांची कमाई घटते आणि म्हणून ती स्वस्त वस्तीत राहायला जातात; मग वस्तीने माणसांना आजारी पाडले, की आजारी माणसांनीच वस्ती भरली? शंका रास्त आहे आणि नकाशावर नुसते आकडे मांडून ती फिटत नाही. ती फिटायची, तर कोणी कुठे राहायचे हे माणसांनी स्वतः निवडलेले नाही अशी परिस्थिती शोधावी लागते. अशा दोन परिस्थितींचा बारकाईने अभ्यास झालेला आहे.

पहिली स्वीडनमधली. तिथे १९८७ ते १९९१ या काळात निर्वासितांना देशभर विखरून वसवण्याचे धोरण होते आणि कोणाला कुठल्या भागात घर द्यायचे हे प्रशासन बहुतांशी त्या वेळी घर कुठे रिकामे आहे ते पाहून ठरवत असे. पुढे अनेक वर्षांनी या लोकांच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की, अतिशय वंचित भागात घर मिळालेल्यांना मधुमेह होण्याची शक्यता सुस्थित भागात घर मिळालेल्यांपेक्षा सुमारे एक पंचमांशाने अधिक होती, आणि काळ जाईल तसा हा फरक रुंदावत गेला होता. दुसरी परिस्थिती अमेरिकेतली. १९९४ पासून तिथल्या गृहनिर्माण खात्याने बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या शहरांतील अतिगरीब वस्त्यांत राहणाऱ्या कुटुंबांमधून सोडत काढून काहींना कमी गरिबीच्या भागात भाड्याने घर घेण्यासाठी अनुदान दिले आणि काहींना दिले नाही. दहा ते पंधरा वर्षांनंतर या कुटुंबांतील स्त्रियांच्या रक्ताची तपासणी झाली. ज्यांना काहीच मिळाले नव्हते त्या गटात साधारण २० टक्के स्त्रियांची साखर मधुमेहाच्या पातळीत होती. कमी गरिबीच्या भागासाठी अनुदान मिळालेल्या गटात हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास होते. अतिस्थूलतेचे प्रमाणही या गटात कमी आढळले. विशेष म्हणजे अनुदान मिळालेल्यांपैकी जेमतेम निम्म्या कुटुंबांनी त्याचा वापर करून घर बदलले होते आणि या स्त्रियांच्या कमाईत म्हणण्यासारखी वाढ झालेली नव्हती. कोणी त्यांना आहाराचे तक्ते दिले नव्हते की व्यायामाचे वर्ग घेतले नव्हते. बदलला होता तो परिसर.

परिसर साखरेपर्यंत नेमका कोणत्या वाटेने पोहोचतो, याचे एकच एक उत्तर नाही. सुरक्षित चालता येणे ही एक वाट झाली. चांगले अन्न परवडणाऱ्या दरात हाताशी असणे ही दुसरी. तिसरी वाट कमी बोलली जाते : ज्या ठिकाणी घराबाहेर पडताना, मुलांना बाहेर पाठवताना आणि रात्री दार लावतानाही मनात धास्ती असते, तिथे शरीर सतत सावधपणाच्या अवस्थेत राहते, कॉर्टिसॉलसारखी, ताणाच्या वेळी शरीरात स्रवणारी संप्रेरके दीर्घकाळ चढी राहिली की साखर व रक्तदाब दोन्ही वाढतात आणि पोटाभोवती चरबी साठते. अशी झोप उडालेली, दमलेली व्यक्ती संध्याकाळी चालायला बाहेर पडत नाही तेव्हा तिला आळशी म्हणणे सोपे असते, एवढेच.

आता तुमच्यापुरते. पाऊण तास सलग चालले पाहिजे असा काही दंडक नाही. जेवणानंतर दहा ते पंधरा मिनिटे चालण्याने जेवणानंतरची साखर चांगली खाली येते, म्हणून घरातल्या घरात, गच्चीवर किंवा इमारतीच्या आवारात दिवसातून तीन वेळा थोडे थोडे चालावे. खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम मांड्यांच्या स्नायूंसाठी उत्तम आहे आणि त्याला रस्ता लागत नाही. डॉक्टरांना ‘जमत नाही’ एवढेच न सांगता का जमत नाही तेही सांगा. चालण्याचा सल्ला ज्याला पाळता येत नाही त्याच्या औषधांचा विचार कधी कधी वेगळा करावा लागतो. आणि दिवे व पदपथ यांची मागणी एकट्याने तोंडी करण्यापेक्षा पाच-दहा घरांनी मिळून लेखी करा. ती मागणी तुमच्या मधुमेहाच्या उपचाराचाच भाग आहे, हे घरच्यांनाही सांगायला हरकत नाही.

प्रश्न : सामाजिक परिस्थितीचा हा सगळा प्रश्न मुळात गरिबांचा आहे. आम्हा पगारदार मध्यमवर्गीयांना खाण्यापिण्याची ददात नाही, घर पक्के आहे, विमा आहे. मग आमच्या आरोग्याशी त्याचा संबंध काय?

उत्तर : हा समज जितका पसरलेला आहे, तितकाच भक्कम पुराव्याने तो खोडून निघालेला आहे. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा एक प्रदीर्घ अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. कार्यालये ज्या भागात होती त्यावरून तो व्हाइटहॉल अभ्यास म्हणून ओळखला जातो. त्यात सुमारे १८,००० पुरुषांची तपासणी करून पुढे त्यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यात आले. यातला कोणीही बेकार नव्हता, कोणीही उपाशी नव्हता, बहुतेक जण टेबलाशी बसून काम करणारे होते आणि सर्वांना एकाच सरकारी आरोग्यसेवेचा आधार होता. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीतील अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाला.

पण या अभ्यासातली खरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही तिप्पट नव्हे. खालून दुसऱ्या श्रेणीतल्यांची प्रकृती तळाच्या श्रेणीपेक्षा बरी होती, त्यावरच्यांची त्याहून बरी, आणि अगदी वरून दुसऱ्या पायरीवर असलेले, कुठल्याही मोजमापाने सुखवस्तू म्हणावेत असे अधिकारीसुद्धा सर्वांत वरच्यांपेक्षा थोडे कमीच जगत होते. गरिबी एका बाजूला आणि निरोगी मंडळी दुसऱ्या बाजूला अशी मधोमध रेघ कुठे आढळलीच नाही. सगळी उतरंड होती, आणि त्या उतरंडीवर तुम्ही-आम्ही सगळेच कुठे ना कुठे उभे आहोत. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या नेहमीच्या कारणांचा हिशेब घातल्यावर हृदयविकारातल्या या फरकाचा केवळ एक तृतीयांश भाग उलगडला.

उरलेल्या भागाचा शोध घेण्यासाठी १९८५ मध्ये दुसरा अभ्यास सुरू झाला. या वेळी स्त्रियाही होत्या आणि एकूण संख्या १०,३०८ होती. त्यातून पुढे आलेला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो : ज्यांना आपल्या कामाचा क्रम, वेग आणि पद्धत ठरवण्याची मुभा कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक. जबाबदारी मोठी असण्याने माणूस खचतोच असे नाही. जबाबदारी आपली आणि निर्णय दुसऱ्याचा, या जोडीने तो खचतो. हेच घर आणि परिसर यांनाही लागू पडते. घरमालक कधी घर सोडायला सांगेल याची खात्री नाही, पाणी कधी येईल ते माहीत नाही, वरच्या मजल्यावरचा आवाज बंद करणे आपल्या हाती नाही, कामावर जायला लागणारा वेळ रोज वेगळा. अशा स्थितीत उत्पन्न बरे असूनही शरीरावर ताण साचत राहतो. तेव्हा विमा जरूर असावा. मात्र विमा आजारानंतरच्या खर्चाची सोय करतो, आजार टाळण्याची नव्हे.

प्रश्न : आमच्या घराण्यात हृदयविकार आहे. आजोबा, वडील, काका सगळे त्यानेच गेले. जे रक्तातच आहे ते शेजार आणि परिसर कसा बदलणार?

उत्तर : आनुवंशिकतेने धोका वाढतो, यात शंका नाही, तुम्ही रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी इतरांपेक्षा लवकर सुरू करायला हवी. परंतु रक्तात असलेले सगळेच प्रत्यक्षात उतरते असे नाही. मूळ जपानी वंशाच्या पुरुषांचा एक अभ्यास जपान, हवाई आणि कॅलिफोर्निया अशा तीन ठिकाणी झाला. वंश एकच असूनही हृदयविकार जपानमध्ये सर्वांत कमी, हवाईत त्याहून जास्त आणि कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त आढळला. आहार बदलला हे त्याचे एक कारण होतेच. मात्र कॅलिफोर्नियातल्याच ज्या पुरुषांनी आपल्या समाजाशी असलेले जुने, घट्ट नाते टिकवले होते त्यांच्यात हा आजार बराच कमी होता, आणि आहार व धूम्रपान यांचा हिशेब घातल्यावरही तो फरक उरत होता.

प्रश्न : आमचे घर हमरस्त्याला लागून आहे. रात्रभर अवजड वाहने जातात. पहिल्या वर्षी झोप येत नसे, आता आवाज जाणवतही नाही. मुलीला दिवस गेले आहेत आणि ती बाळंतपणासाठी येणार आहे. आम्हाला सवय झाली, तशी तिलाही होईल ना?

उत्तर : सवय तुमच्या मनाला झाली आहे, हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना ती तशी होत नाही. झोपेत कानावर मोठा आवाज पडला की जाग आली नाही तरी हृदयाचे ठोके आणि रक्तदाब काही क्षण वाढतात, आणि ही प्रतिक्रिया वर्षानुवर्षांनंतरही फारशी मावळत नाही. म्हणूनच रहदारीच्या आवाजाचा संबंध उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशी लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय विभागाने २०१८ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार रस्त्यावरील वाहतुकीचा आवाज दिवस-रात्र मिळून सरासरी ५३ डेसिबलच्या आणि रात्री ४५ डेसिबलच्या आत असावा. ही मोजमापे घराबाहेरच्या आवाजाची आहेत. हमरस्त्याला लागून असलेल्या घरात ती पाळली जाण्याची शक्यता नाही.

धुराचा प्रश्न मुलीच्या दृष्टीने अधिक जवळचा आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांत टोलनाक्यांवर थांबून पैसे देण्याऐवजी गाडी न थांबवता आपोआप टोल वळता करून घेण्याची सोय झाली. सोय केली होती ती वाहतूक कोंडी टाळण्यासाठी. आरोग्याचा विचार त्यात नव्हता. पण नाक्यावर इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या रांगा हटल्या आणि धूर घटला. अर्थशास्त्रज्ञांनी नाक्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांची तुलना त्याच महामार्गालगत, पण नाक्यापासून दूर राहणाऱ्या मातांशी केली, तेव्हा नाक्याजवळच्या मातांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे आणि कमी वजनाची बाळे या दोहोंचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. त्या मातांनी स्वतः काहीही वेगळे केले नव्हते. असा पुरावा सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात क्वचितच इतका स्वच्छ मिळतो.

मुलीला येऊ देऊ नका असे मी म्हणणार नाही. आईजवळ असण्याचे फायदे मोठे आहेत. तिची झोपण्याची खोली रस्त्याच्या विरुद्ध बाजूची ठेवा, कारण इमारतीच्या मागच्या बाजूला आवाज बराच कमी असतो. रस्त्याकडच्या खिडक्या रहदारी जोरात असताना बंद ठेवा आणि ती ओसरल्यावर उघडा. दिवसरात्र बंद ठेवल्या तर घरातला धूर आणि दमटपणा कोंडतो. धुराचे सूक्ष्म कण रस्त्याच्या कडेला सर्वाधिक असतात आणि काहीशे मीटर आत गेले की आसपासच्या हवेइतके खाली येतात. म्हणून फिरायला जाताना तिने आतला रस्ता धरावा.

प्रश्न : आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो. मुलाला दमा आहे. फवाऱ्याचे औषध चालू असूनही दर काही दिवसांनी धाप लागते. भिंतीला ओल आहे, पण मालक म्हणतो रंग दिला की झाले. ओलीचा आणि दम्याचा खरोखर संबंध आहे का?

उत्तर : आहे, आणि औषध कमी पडण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. कपाट भिंतीपासून ओढून मागे पाहा. तिथे काळसर किंवा हिरवट ठिपके असतील, हात लावल्यावर भुकटी सुटत असेल आणि कुबट वास येत असेल, तर ती बुरशी आहे. तिचे कण श्वासावाटे आत जाऊन श्वासनलिकांचा दाह चालू ठेवतात. अशा भिंतीवर रंग मारणे म्हणजे ओल झाकणे. पाणी आतून येतच राहते आणि काही महिन्यांत रंगाचे पापुद्रे सुटतात.

न्यूझीलंडमध्ये गरीब वस्त्यांतील १,३५० घरांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून निम्म्या घरांना छत व जमिनीखाली उष्णतारोधक थर आधी बसवून दिला आणि उरलेल्यांना तो नंतर बसवून दिला. हिवाळ्यात झोपण्याच्या खोलीचे तापमान सरासरी अवघे अर्धा अंश वाढले आणि दमटपणा थोडा घटला, एवढाच काय तो बदल. तरी त्या घरांत छातीत घरघर होण्याचे प्रमाण लक्षणीय कमी झाले आणि मुलांच्या शाळेतील गैरहजेरीची शक्यता जवळजवळ निम्म्यावर आली. तो थंड देश आहे, हे लक्षात घेऊनही घरातला छोटासा बदल किती दूर पोहोचतो ते यावरून कळते.

ओल कुठून येते हे आधी ठरवा : गळका नळ, छत, जमिनीतून चढणारे पाणी की घरात कोंडलेली वाफ. वाफेचा बंदोबस्त तुमच्या हाती आहे. स्वयंपाक व आंघोळीच्या वेळी खिडकी उघडी ठेवा, कपडे झोपण्याच्या खोलीत वाळत घालू नका आणि सामान भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा. थोडीशी बुरशी असेल तर तोंडाला मुखपट्टी लावून, हातमोजे घालून, साबणाच्या पाण्याने पुसून जागा कोरडी करा. त्या वेळी मुलगा खोलीत नसावा. मुलाचा बिछाना आजच कोरड्या भिंतीकडे हलवा. गळती दुरुस्त करण्याची मागणी मालकाकडे छायाचित्रांसह लेखी करा, आणि डॉक्टरांकडून ‘ओलसर घरामुळे दमा बळावतो’ अशा आशयाची चिठ्ठी मिळाली तर ती सोबत जोडा.

प्रश्न : आईला आम्ही जुन्या दोन खोल्यांतून नव्या, हवेशीर, लिफ्ट असलेल्या घरात आणले. तिच्या सर्व तपासण्या ठीक आहेत. तरी ती दिवसेंदिवस खंगत चालली आहे आणि ‘मला बरे वाटत नाही’ एवढेच म्हणते. सगळ्या सोयी असताना तिचे नेमके काय बिघडले?

उत्तर : तिच्या वाक्यावर विश्वास ठेवून सुरुवात करू. जागतिक आरोग्य संघटनेने जीवनमानाची गुणवत्ता मोजण्यासाठी २६ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली आहे. तिचे चार विभाग आहेत : शारीरिक, मानसिक, सामाजिक संबंध आणि परिसर. उत्तरे त्या व्यक्तीनेच द्यायची असतात, कारण आपले जगणे आपल्या अपेक्षा, मूल्ये आणि काळज्यांच्या तुलनेत आपल्याला कसे वाटते यालाच इथे महत्त्व आहे. तुमच्या आईच्या तपासण्यांनी या चारपैकी एका विभागाचा काही भाग तपासला. नव्या घराने परिसराच्या विभागात भर घातली, हेही खरे. मात्र सामाजिक संबंधांचा विभाग स्थलांतराच्या दिवशी जवळजवळ रिकामा झाला असावा, आणि त्याची नोंद कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

ही केवळ भावनेची बाब नाही. कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यात ६,९२८ प्रौढांची १९६५ मध्ये पाहणी झाली आणि पुढे नऊ वर्षे कोण जगले, कोण गेले याची नोंद ठेवली गेली. जोडीदार, नातेवाईक, मित्र, संस्था यांच्याशी ज्यांचे संबंध सर्वांत कमी होते, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक संबंध असलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघाले. अशा १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये घेण्यात आला, त्यात तीन लाखांहून अधिक माणसे होती; ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम, त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली.

शेजार म्हणजे केवळ ओळखीची माणसे नव्हेत, तर घराबाहेर पडायला असलेले निमित्तही. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची भीषण लाट येऊन सातशेहून अधिक माणसे दगावली. तिथल्या नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या एकमेकींना लागून असलेल्या वस्त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे आणि गरिबांचे प्रमाण साधारण सारखे होते, तरी पहिल्या वस्तीतील मृत्युदर दुसऱ्या वस्तीच्या दहापट होता. पहिल्या वस्तीत दुकाने बंद पडलेली, घरे ओस, रस्ते निर्मनुष्य आणि भीतीदायक. वृद्ध दारे-खिडक्या लावून आत राहिले. दुसरीत रस्ते गजबजलेले, पायी जाता येईल अशी दुकाने उघडी. वृद्ध बाहेर पडत, सावलीत थांबत आणि एखादा दिसला नाही तर लोकांच्या लक्षात येई.

चांगल्या वस्तीत नेले की सगळे आपोआप सुधारते, असेही नाही. वर अमेरिकेतील ज्या प्रयोगाचा उल्लेख केला, त्याच प्रयोगात घर बदललेल्या मुलींचे मानसिक आरोग्य सुधारले, पण मुलग्यांमध्ये नैराश्य आणि वर्तनाच्या तक्रारी उलट वाढल्या. जुने संबंध तुटण्याची किंमत प्रत्येकाला सारखी पडत नाही. तुमच्या आईला ती जड गेलेली दिसते.

प्रथम दोन गोष्टी तपासून घ्या : नैराश्याची लक्षणे आणि श्रवणशक्ती. ऐकू कमी येऊ लागले की वृद्ध माणसे नव्या लोकांत मिसळणे टाळतात आणि कारण सांगत नाहीत. त्यानंतर आईला दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी जुन्या वस्तीत नेण्याची किंवा तिथल्या मैत्रिणींना आणण्याची सोय करा. ‘वाटेल तेव्हा जा’ म्हटल्याने जाणे होत नाही. नव्या इमारतीत तळमजल्यावर तिला रोज एकाच वेळी बसता येईल अशी जागा शोधा. आणि तिला विश्रांतीचा सल्ला देण्याऐवजी घरातले एखादे खरे काम, ज्यावाचून इतरांचे अडेल असे, तिच्याकडे सोपवा.

प्रश्न : आमच्या वस्तीत एक मोकळा भूखंड आहे. तिथे कचरा टाकला जातो. रहिवासी मंडळाकडे थोडे पैसे आहेत. काहींना व्यायामाची यंत्रे बसवायची आहेत, काहींना नुसता कचरा हलवायचा आहे. आरोग्याच्या दृष्टीने काय करावे?

उत्तर : हिरवळ करा. फिलाडेल्फिया शहरात ५४१ ओसाड भूखंडांवर नेमका हाच प्रश्न तपासला गेला. सोडत काढून काही भूखंडांवर कचरा हटवून, जमीन सारखी करून, गवत व थोडी झाडे लावून बुटके लाकडी कुंपण घातले. काहींवर फक्त कचरा साफ केला. काही तसेच ठेवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हिरवळ केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांमध्ये खिन्न वाटत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण तसेच ठेवलेल्या भूखंडांच्या तुलनेत सुमारे ४१ टक्क्यांनी घटले. नुसता कचरा हटवल्याने मानसिक आरोग्यात नोंद घेण्याजोगा फरक पडला नाही.

यंत्रांना माझा विरोध नाही, परंतु ती तरुणांच्या सोयीची असतात आणि देखभालीवाचून गंजतात. त्याऐवजी सावलीत टेकायला पाठ असलेले दोन-तीन बाक ठेवा, कारण गुडघे दुखणारा माणूस वाटेत बसायला जागा असेल तरच चालायला निघतो. कुंपण कमरेखालीच राहू द्या, म्हणजे आत कोण आहे ते रस्त्यावरून दिसेल आणि स्त्रियांना तिथे जायला भीती वाटणार नाही. भूखंड कोणाच्या मालकीचा आहे ते पाहून लेखी परवानगी आधी घ्या. पैशांतला निदान एक तृतीयांश भाग पहिल्या दोन वर्षांच्या पाण्यासाठी आणि गवत कापण्यासाठी वेगळा काढून ठेवा, आणि ते काम आळीपाळीने कोणी करायचे याची नावे झाडे आणण्यापूर्वीच ठरवा.